संकट एकदम येतं

“हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही,” असं म्हणत बंबवाल्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि कचेरीतल्या चाळीस माणसांकडे असं पाहिलं, जणू त्यातली निम्मी आजच जळायची आहेत. “डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये, अशा अंधारात माझी बायको चार मजले उतरते. टॉर्चशिवाय. एक्केचाळीस सेकंदांत.”

दाराशी खुर्चीवर बसलेली बायको गुमान उठून उभी राहिली.

बंबवाल्यांचा मूळ धंदा आग विझवायची लाल नळकांडी भरून द्यायचा. दिवसा लोकांच्या आगीची काळजी वाहायची, संध्याकाळी स्वतःच्या. तीस वर्षांत त्यांच्या घरी कधी पडदासुद्धा होरपळला नव्हता, पण तयारी अशी, की संकटाने यावं आणि लाजून परत जावं. पलंगाखाली पाण्याचे कॅन, न्हाणीत वाळूच्या बादल्या. मेणबत्त्या तर इतक्या, की लावल्या असत्या तर शेजारच्या गावात कोंबडे आरवले असते. पण लावणार कोण? वीज गेली की सगळे काळोखात बसत, कारण ती नुसतीच वीज गेलेली असे. पिठाचं नवं पोतं आलं की ते साठ्यात जाई आणि साठ्यातलं सर्वांत जुनं ताटात येई. लेक सासरी गेली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की पिठाला मुळात किडे नसतात.

कमाईचा तिसरा हिस्सा लोखंडी पेटीत पडे. पेटी संकटातच उघडायची, आणि संकट कशाला म्हणायचं हे एकटे बंबवाले ठरवणार.

सात वर्षांपूर्वी बायको चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली वाचेल, ऑपरेशन करून घ्या. लेकीने फोनवर पेटीचा विषय काढला, तेव्हा बंबवाल्यांनी न चिडता तिची समजूत घातली. “संकट एकदम येतं, पोरी. हळूहळू येते तिला सवय म्हणतात.”

बायकोने सवय केली. आधी उजवा डोळा गेला, मग डाव्यात दाराच्या फटीएवढा उजेड उरला. दर रविवारी बंबवाले दिवे घालवून शिट्टी फुंकत आणि ती पायऱ्या मोजत उतरे. सुरुवातीला दीड मिनिट लागे. जसजशी नजर गेली, तसतशी वेळ सुधारली. बंबवाले मनापासून खूश होत, तिची पाठ थोपटत, सरावाने काय होत नाही म्हणत. पुढे तर ते तिला कारखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत नेऊ लागले. तिचं उतरणं पाहिलं की साहेब लोक वर्षभराची ऑर्डर देऊन टाकत.

आजही सकाळी लवकर आणून त्यांनी तिच्याकडून जिना दोनदा मोजून घेतला होता. आता सगळ्यांना खाली जिन्याशी नेलं, तिला चौथ्या मजल्यावर उभं केलं, खिडक्या झाकल्या, दिवे घालवले, शिट्टी फुंकली. खाली जमलेल्या माणसांनी अंधारात फक्त चपलांचा आवाज ऐकला. एकसारखा, कुठेही न अडखळणारा. दिवे लागले तेव्हा ती शेवटच्या पायरीशी उभी होती. एकोणचाळीस सेकंद. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण तर लिफ्ट बंद पडली की रजाच टाकतो, असं कॅशियरबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात जाड चष्म्याच्या एका कारकुनाने विचारलं, “काका, काकूंना दिसतं ना?”

टाळ्या विरल्या. साहेबांचं पेन हवेतच राहिलं.

बंबवाल्यांनी मान खाली घातली. या प्रश्नाचीही त्यांची तयारी होती. कसलं दिसतंय, म्हणाले. मोठमोठे डॉक्टर केले, पैसा पाण्यासारखा ओतला, आयुष्याची पुंजी संपली, शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. पण माणसाने हरायचं नाही, तयारीत राहायचं. कॅशियरबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. साहेबांनी तर बंबवाल्यांचा हात हातात घेतला.

“खोटं आहे ते,” बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता; दूध नासलंय, एवढंच सांगावं तसा. “डाव्या डोळ्याने मला अजून उजेड कळतो. येत्या शुक्रवारी ऑपरेशन केलं नाही, तर यापुढे आणूच नका म्हणालेत डॉक्टर. पैसे सगळे पेटीत आहेत. परवा झाडताना सरकवायला गेले, तर हलेना.”

मग तिने तळवा वर करून हात पुढे केला.

“द्या किल्ली.”

हात बंबवाल्यांपासून दोन पावलं डावीकडे गेला होता. तिथे कोणी नव्हतं. बंबवाले जागचे हलले नाहीत, बोलले नाहीत, श्वाससुद्धा त्यांनी बेताबेतानेच घेतला. आणि चाळीस माणसं, ते कुठे उभे आहेत हे तिला न सांगता, त्या हाताकडे बघत राहिली.