दहा सेंटीमीटर जास्तीचा बर्फ

त्यांचं खरं नाव संस्थेत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं; सगळे गिरमिटराव म्हणत. ध्रुवाकडच्या मोहिमेत गोठलेल्या समुद्राला गिरमिटाने भोकं पाडायची, त्यातून टेप खाली सोडायची आणि बर्फ किती जाड आहे ते ओरडून सांगायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांची मुलगी तिथेच संशोधक म्हणून लागली. तिच्या वाट्याला पहिलं काम आलं, तेही वडिलांच्याच भोकांचं: एकाच उपसागरातली बावीस वर्षांची मोजमापं एकत्र मांडायची.

एकवीस वर्षं गुण्यागोविंदाने एका रेषेत बसली. बर्फ हळूहळू पातळ होत चालला होता. नववं वर्ष मात्र वाकड्यात शिरलं होतं. त्या वर्षी बर्फ एकदम जाड.

"सोडून दे ते वर्ष," तिच्या विभागाचे प्रमुख म्हणाले. "तळटीप टाकू. शुक्रवारी लेख पाठवायचाय."

"सर, लोक याच वर्षावर बोट ठेवतात. म्हणतात, बघा, बर्फ परत आला."

"एका वर्षापायी कुठवर डोकं फोडशील?"

"कारण सापडेपर्यंत."

तिने तापमानं तपासली. त्या वर्षी थंडी जास्त नव्हती. उपग्रहाच्या चित्रांत तर बर्फाची कड मागेच सरकलेली. मग तिने मूळ वही मागवली आणि एकेक ओळ तारखेप्रमाणे वाचत गेली. पहिले अकरा दिवस आकडे नेहमीसारखे होते. बाराव्या दिवशी प्रत्येक भोकाचा आकडा साधारण दहा सेंटीमीटरने चढला आणि शेवटपर्यंत चढलेलाच राहिला. एका दिवसात बर्फ असा वाढत नाही, तोही सगळीकडे सारखा.

वहीतलं अक्षर प्रमुखांचं होतं. तेव्हा ते मोहिमेवरचे तरुण संशोधक होते. आकडे ओरडणारे अर्थात गिरमिटराव.

रविवारी ती आईवडिलांकडे गेली. गिरमिटराव पंखा उघडून बसले होते.

"बाबा, त्या वर्षी बाराव्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "माझ्या मापात खोट काढायला आलीस?"

"माप तुमचं आहे म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, झोपेत मोजलं."

आईला हसू आलं. "सांगा की. तुमचीच लेक आहे, आरपार गेल्याशिवाय थांबायची नाही."

"टेपच्या टोकाला एक आडवा दांडा असतो," ते सावकाश म्हणाले. "तो बर्फाच्या खालच्या अंगाला अडकतो, मग वर आकडा वाचायचा. त्या दिवशी तो असा घट्ट बसला, की ओढताना टेपच तुटली. मी तुटका तुकडा कापला आणि उरलेल्या मोहिमेपुरता दांडा दहाच्या खुणेवर बांधला. म्हणजे प्रत्येक आकड्यातून दहा वजा करायला हवे होते."

"केले?"

"मला वाटलं, लिहिणारा करतोय."

पंख्याची पाती मांडीवर घेत ते पुटपुटले, "आणि लिहिणाऱ्याला वाटलं असणार, वाचणारा करतोय."

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी दोघं संस्थेच्या भांडारात गेली. दुखऱ्या गुडघ्यामुळे गिरमिटराव स्टुलावर बसले आणि ती एकेक पेटी त्यांच्यासमोर आणत गेली. चौथ्या पेटीत टेप सापडली. दांड्याशी ती दहापासूनच सुरू होत होती.

"गाठ माझी," गिरमिटराव म्हणाले. "चूकही माझी. तसंच लिही."

"चूक दोघांची आहे. दोघांची लिहू."

दोघांनी प्रमुखांना सगळं सांगितलं. टेप हातात घेताच त्यांचा चेहरा उतरला. "माझा पहिला लेख याच वर्षावर उभा आहे. बर्फ सावरू शकतो, असं मी त्यात लिहून बसलोय." टेप परत देत ते म्हणाले, "शुक्रवारी आहे तसा पाठवू. दुरुस्तीचं मागाहून बघता येईल."

"नाही सर. आधी दुरुस्ती. नाहीतर लेखातून माझं नाव काढा."

प्रमुखांनी गिरमिटरावांकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजवा हिला."

"साहेब, मी हिला चालायला शिकवलं. थांबायला शिकवायचं राहून गेलं."

प्रमुखांना हसू आवरलं नाही, पण होकार काही मिळाला नाही. दोन दिवस ते तिच्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच तिच्या टेबलापाशी आले. मोहिमेतली आपली रोजनिशी त्यांनी धुंडाळून काढली होती. बाराव्या दिवशी त्यांच्याच हाताने लिहिलं होतं, 'टेप तुटली, जोडून घेतली.' वजाबाकीचा कुठे उल्लेख नव्हता. दुरुस्तीची टीप त्यांनी स्वतः लिहून आणली होती. आपल्या जुन्या लेखाचा निष्कर्ष मागे घेत असल्याचं त्यात स्वच्छ म्हटलं होतं, आणि खाली पहिली सही त्यांचीच होती.

लेख पाच आठवडे उशिरा गेला. नववं वर्ष रेषेत बसलं होतं. टीप छापून आल्यावर खवचट पत्रं आली. एकाने विचारलं, 'एक वर्ष चुकलं, तर बाकीच्यांचा भरवसा काय?'

तिला तो प्रश्न रास्त वाटला. तिने उरलेल्या एकवीस वह्या मागवल्या. गिरमिटराव दर मंगळवारी आणि गुरुवारी येऊन शेजारी बसू लागले. ती वाचायची, ते आठवायचे, आणि जिथे आठवत नसे तिथे तसं स्पष्ट सांगायचे. चार महिन्यांत आणखी दोन चुका सापडल्या. एकीने बर्फ खरा होता त्याहून जाड दिसत होता, दुसरीने पातळ. त्यांनी दोन्ही छापल्या.