अध्यक्षांचा चष्मेवाला

कुरोकी अध्यक्षांच्या घरातून जप्त केलेला चष्मेवाला ठाण्यातल्या टेबलावर, बांबूच्या पिंजऱ्यात, पगारी नोकरासारखा गात होता. पक्षी ओळखायला बोलावलेल्या तोरिगोए सुमिएला तो पायऱ्यांवरच ऐकू आला, आणि तिचं डोकं तिथूनच तापलं.

रानातला चष्मेवाला पाळायला कायद्याने बंदी. परदेशातून आणलेला चालतो. त्यामुळे जपानच्या या मियाझाकीतल्या हौशी मंडळींकडे रानातला एकही नसतो; सगळे चीनहून येतात, कागदपत्रांसह.

"शिक्क्याचा कागद आहे," हवालदार हिदाका म्हणाला.

"हाच पक्षी, असं कागद सांगतो का?"

"कागद कसा सांगेल, बाई?"

"म्हणून तर मला बोलावलंत ना?"

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष कुरोकी ठाण्याचाच चहा पीत होते. "गाणं ऐका, तोरिगोएबाई. आपल्या डोंगरातला गातो का असा, न थांबता?"

गातो. कारण पिल्लू असताना त्याचा पिंजरा एखाद्या मुरलेल्या गवयाशेजारी टांगतात. गाणं शिकवता येतं, पिसं नाही. सुमिएने पिंजऱ्यात फुंकर मारली. कुशीची पिसं विस्कटली. चिनी असता तर करडी-पांढरी असती; ही चहाचा डाग पडल्यासारखी तांबूस होती.

"इथलाच आहे. कूस बघा."

हिदाकाने कूस बघितली, मग कागद बघितला. कागद जास्त स्वच्छ होता.

"नवऱ्यालाही अशीच फुंकर मारून ओळखता का हो?" अध्यक्षांनी विचारलं. हिदाका हसला आणि मग खोकला.

सुमिएने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दहा मिनिटांत सही होणार आणि पिंजरा अध्यक्षांच्या मोटारीत जाणार. जप्तीच्या फोटोतली, गाण्याच्या मेळाव्याच्या प्रशस्तिपत्रांनी भरलेली त्यांची भिंत तिला आठवली.

"बरं, चिनी लिहा," ती म्हणाली. "एक प्रत मला द्या. गाण्याच्या मेळाव्याच्या पंचांना पाठवते. वसंतात योकोझुना हाच ठरला ना? कायदा काही म्हणो, तिथे तर इथलेच पक्षी चालतात."

योकोझुना म्हणजे सुमो पैलवानाचा सर्वोच्च किताब. मेळाव्यात तो दहा ग्रॅमच्या पाखराला देतात.

अध्यक्षांचा पेला हवेतच थांबला. "चिनी? माझा योकोझुना?"

"तुमचाच कागद म्हणतो."

"खड्ड्यात गेला कागद! आपल्या ओसुझु डोंगराच्या उतारावर, फांदीला चीक लावून, या हातांनी धरलाय! चिनी पाखराच्या घशात आहे का असा दम?"

ठाण्यात फक्त योकोझुना बोलत राहिला.

"अध्यक्ष," हिदाकाने हळूच विचारलं, "हे... लिहू का?"

अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. हिदाकाने लिहायला घेतलं.

सुमिएने पिंजरा उचलला. वीतभर जागेत वाढलेल्या त्या पाखराला रानात सोडण्याआधी आता महिनाभर मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवायचं होतं. गाण्यापुढे ते कोणी शिकवलंच नव्हतं.

"तुम्ही हे मेळाव्याचं आधीच काढलं असतंत, तर एवढा वेळ गेला नसता, बाई," हिदाका म्हणाला.

"आधी मी पक्षी दाखवला होता!" सुमिए इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला.