शैलपिशीचा शेवट

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझे नाव 'तेरावे पाकीट'. बंगालमधल्या चंदननगरच्या एका गल्लीतल्या वाचनालयात मी राहते. माझ्या पाठीचे कापड सुटले आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर मोहरीच्या तेलाचा डाग आहे. कुणीतरी मुरमुरे खात मला वाचले होते.

मला अनादिनाथ भौमिक यांनी लिहिले. ते इथल्याच शाळेत शिकवत. सगळे त्यांना मास्टरमशाय म्हणत. माझ्यातला गुप्तहेर गोकुळ पोद्दार हा टपाल कचेरीतला निवृत्त कारकून. त्याच्याकडे पिस्तूल नाही, आणि गुडघे दुखत असल्याने तो धावतही नाही. तो फक्त अक्षर ओळखतो. नदीकाठच्या मोठ्या घरात एकटी राहणारी शैलपिशी, म्हणजे गावातल्या साऱ्यांची आत्या, हिला धमकीची पत्रे येत असतात. तेरावे पत्र पाहून गोकुळ ओळखतो, की ही पत्रे पिशी स्वतःच लिहिते. धमकी आली की पुतणे धावत येतात, दोन दिवस राहतात. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. गोकुळ हे कुणालाच सांगत नाही. पिशीने दिलेले मुरमुरे संपवतो आणि निघताना म्हणतो, "पुढचं पत्र माझ्या नावानं टाका. मी येईन."

एवढाच माझा शेवट. पण तो वाचून दांडगी मुलेही गप्प होत. दुर्गापूजेच्या सुट्टीत तर मला कपाटात बसायला सवडच नसे. ग्रंथपाल बासबीदी माझी पाने खळीने चिकटवत आणि दटावत, "जपून न्या रे! आपल्या मास्टरमशायांचं आहे ते."

पुढे मुले येईनाशी झाली. अशात एक दिवस कोलकात्याहून सिनेमावाले आले. मास्टरमशाय तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना कालचे आज बरेचदा आठवत नसे. दिग्दर्शक त्यांच्या पाया पडला.

"गोकुळला धावायला लावू नका हं," मास्टरमशाय म्हणाले.

"छे छे! तुमचं एक अक्षर बदलणार नाही."

बासबीदींना वाटले, आता मुले परत येतील. त्यांनी माझ्यावर नवे खाकी वेष्टन चढवले.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला बासबीदी मास्टरमशायांना घेऊन गेल्या. मी त्यांच्या कापडी पिशवीत होते, म्हणून मला दिसले काही नाही. ऐकू मात्र सगळे आले. गोकुळचा आवाज तरण्या पैलवानाचा होता. नदीवर होड्यांचा पाठलाग झाला. शैलपिशी मूर्ती चोरणाऱ्या टोळीची म्होरकी निघाली. मग गोळी सुटली, पिशी किंचाळली आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

बाहेर पडताना एकाने मास्टरमशायांचा हात धरला. "काय शेवट लिहिलात हो! म्हातारी अशी बदमाश निघेल असं वाटलंच नव्हतं!"

मास्टरमशायांनी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बासबीदी मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. ते पलंगावर बसून रडत होते.

"बासबी, मी पिशीला का मारलं गं? मला वाढवलं तिनं."

तेव्हा मला कळले, की शैलपिशी ही त्यांची सख्खी आत्या होती.

"तुम्ही नाही मारलं. त्या मेल्या सिनेमावाल्यांनी मारलं."

"पण नाव माझं होतं. पडद्यावर एवढं मोठं. मी वाचलं ना."

बासबीदींनी मला उघडले आणि शेवटची पाने वाचून दाखवली. मास्टरमशाय डोळे मिटून ऐकत होते. 'मी येईन' हे शब्द आले तेव्हा ते हसले.

"छान आहे गं. कुणी लिहिलंय?"

"तुम्ही!"

"छे! मी तर मारलं तिला."

मग बासबीदी रोज मला घेऊन जाऊ लागल्या. रोज तेच वाचन, तेच हसू आणि अखेर तेच रडू. एकदा त्यांचा धीर सुटला. मास्टरमशायांचे बोट धरून त्यांनी ते माझ्या पहिल्या पानावर टेकवले. "हे बघा! अनादिनाथ भौमिक! वाचा ना!"

त्यांनी नाव वाचले आणि बासबीदींच्या डोक्यावर हात ठेवला. "तू फार गुणाची आहेस. माझं मन राखायला नाव छापून आणलंस."

माघ महिन्यात ते गेले. शेवटपर्यंत पिशीची क्षमा मागत होते.

बाजारात माझी नवी आवृत्ती आली. तिच्या मुखपृष्ठावर सिनेमातला पिस्तूलवाला नायक आहे. मुले ती वाचनालयातून नेतात, पाठलाग शोधतात, सापडत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी परत करतात. बासबीदी निवृत्त झाल्या. माझ्या कपाटाला कुलूप आहे, आणि वाळवी खालच्या फळीपर्यंत आली आहे.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. माझे आता काही खरे नाही. पण तुमच्या गावातही कुणी गोष्टी लिहिणारे म्हातारे असतील. त्यांचेच शब्द त्यांना वाचून दाखवायला वेळेवर जा. उशिरा गेलात तरी ते ऐकतील, हसतील, वाहवाही करतील. पण दुसऱ्या कुणाची तरी.