इग्वानाच्या पोटातला माणूस

ग्वायाकिल शहराच्या उकाड्यात अंगावर बनियन ठेवायची पंचाईत, आणि सेगुंदो काईसेदो नखशिखांत स्पंजच्या इग्वानात, म्हणजे घोरपडीसारख्या हिरव्या प्राण्याच्या सोंगात, शिरला होता. तेही सत्तरीत, आणि आपखुशीनं. कपडेपटातल्या पोरीनं पाठीवरची चेन मानेपर्यंत ओढून डोकं तिच्यात अडकवलं, वरून खवल्यांची पट्टी घट्ट दाबून बसवली आणि ती जेवायला निघून गेली. आता बाहेर पडायचं म्हटलं तरी त्याचा हात तिथवर पोचणार नव्हता.

एकेकाळी दर शनिवारी टीव्हीवर 'हिरवी दुपार' लागली की गल्ल्या ओस पडायच्या. विनोदवीर कुको सामानिएगो मुलांचे खेळ घ्यायचा आणि त्याच्या शेजारी डॉन वेर्दे, म्हणजे हिरवेराव, अशा नावाची माणसाएवढी इग्वाना मान डोलवायची, शेपटी आपटायची, लाजली की डाव्या पंजानं डोळे झाकायची. बोलायची मात्र नाही. आत माणूस आहे हे मुलांना कळता कामा नये म्हणून तेव्हाच्या दिग्दर्शकानं सेगुंदोला आईची शपथ घ्यायला लावली होती. ती त्यानं इतकी इमानानं पाळली की बायकोलाही, चॅनेलमध्ये सामान हलवतो, एवढंच सांगितलं.

कार्यक्रम बंद पडला, दिग्दर्शक वारला, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. पण तोवर कुकोनं एका मुलाखतीत, "इग्वाना ना? अहो, ती मीच होतो," असं गमतीत ठोकून दिलं होतं. कुको वारल्यावरही जुन्या टीव्हीची वेडी मंडळी तेच एकमेकांना ऐकवत राहिली. कुको आणि इग्वाना दर शनिवारी गळ्यात गळे घालून नाचायचे, मग दोघं एकच कसे असतील, एवढा साधा विचार कुणाच्या डोक्यात येऊ नये? पण आवडत्या माणसाची गोष्ट निघाली की लोक डोळे घरी ठेवून येतात. तो राहायचा त्या गराय वस्तीत सेगुंदोची टर उडायची. समोरचा न्हावी नार्सिसो दाढी करता करता विचारायचा, "काय डॉन सेगुंदो, शेपटी आज घरीच ठेवली वाटतं?" बायको एस्मिल्दा हसायची नाही. "असशील बाबा," म्हणायची आणि केळी तळायला लागायची. ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागायचं.

म्हणूनच चॅनेलच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. एका म्हाताऱ्या कॅमेरामननं त्याचं नाव सुचवलं होतं. सेवायोस नावाच्या तरुण निर्मात्यानं कबूल केलं की जुन्या कार्यक्रमांवर प्रश्नांचा खेळ होईल, शेवटचा प्रश्न असेल इग्वानाच्या आत कोण होतं, आणि मग सगळ्या देशासमोर डोकं उतरवून सेगुंदोचं नाव पुकारायचं. सेगुंदोनं ही बातमी गल्लीभर केली. आज दुपारी एस्मिल्दाच्या बैठकीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या.

खेळ रंगला. मांता शहराहून आलेली दातांची डॉक्टरीण एकेक उत्तर फेकत होती. कुकोच्या सोफ्याचा रंग? मोरपंखी. इग्वाना स्ट्रॉनं काय प्यायची? चिंचेचं सरबत. आतमध्ये सेगुंदो तिच्या आधी उत्तरं पुटपुटत होता आणि घाम डोळ्यांत जाऊन पुढचं काही दिसेना. इग्वानाची शेपटी दुसऱ्या वर्षी आखूड का झाली, या प्रश्नाला कार्डावर उत्तर होतं, नाचायला सोपं जावं म्हणून. काही नाही हो, बक्षिसात द्यायला आणलेल्या बोकडानं खाल्ली होती. ते फक्त सेगुंदोला ठाऊक होतं, आणि बोकडाला.

जाहिराती लागल्या तेव्हा सेवायोस धावत आला आणि इग्वानाच्या जबड्यात तोंड घालून म्हणाला, "डॉन सेगुंदो, जरा घोटाळा झालाय. पहिल्या रांगेत कुकोची बायको बसलीय. आज तिचा सत्कार आहे. तिच्यासमोर तिच्या नवऱ्याला खोटं पाडू शकत नाही हो. उत्तर कुकोच राहू दे, तुम्ही नुसती मान डोलवा."

सेगुंदोनं पाठ फिरवली आणि पंजानं मानेकडं खूण केली. चेन उघड, मला जाऊ दे. सेवायोसला तो इग्वानाचा नाच वाटला. त्यानं पाठीवर थाप मारली आणि तो गेला. कपडेपटातली पोरगी अजून जेवूनच आली नव्हती. पायांतले पंजे बदकासारखे फताडे. त्यांनी पळून जावं तरी कुठं? दिवे पुन्हा पेटले.

निवेदिका येसेनियानं शेवटचा प्रश्न वाचला. डॉक्टरिणीनं मान हलवली.

"नाव मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण कुको नव्हता. कुको तर तिला मिठी मारायचा. आत दुसरंच कुणीतरी होतं."

येसेनियानं कार्ड दाखवलं. उत्तर चूक. लोक हळहळले. पण बाई हटेना. "मग तिलाच विचारा ना," म्हणाली.

येसेनिया हसत आली आणि तिनं माइक इग्वानाच्या तोंडाशी धरला.

सेगुंदो माइकवर वाकला. आईची शपथ आठवली. मग खुर्च्या टाकून बसलेली एस्मिल्दा आठवली. आई गं, माफ कर, असं मनात म्हणून त्यानं डॉन वेर्देच्या पोटातून जन्मात पहिल्यांदा शब्द काढला. होता नव्हता तेवढा दम लावून स्वतःचं अख्खं नाव सांगितलं, वडिलांच्या आणि आईच्या आडनावासकट. पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं.

बाहेर आलं ते नुसतं 'म्हंऽ म्हंऽ'. वीतभर जाडीच्या स्पंजानं बाकी सगळं गिळून टाकलं.

स्टुडिओ हसून लोळला. येसेनियानं डोळ्यांना रुमाल लावला आणि ती म्हणाली, "बघा, कुकोच्या आठवणीनं रडतीय बिचारी." बँड वाजायला लागला. कुकोची बायको रंगमंचावर आली आणि इग्वानाला मिठी मारून खरोखर रडली. सेगुंदोला पंजा बाजूला घ्यायचा होता, पण पंजाला जुनी सवय. उजवा आपोआप तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि डावा डोळ्यांवर गेला.

तो घरी पोचला तेव्हा मंडळी अजून हललेली नव्हती. बशीत तळलेल्या केळ्यांचा चुरा उरला होता.

"दिसलाच नाहीत की हो," नार्सिसो म्हणाला. "कुठं बसवलं होतं तुम्हाला? आणि ती इग्वाना! कुणीतरी नवशिका भरला होता आत. जुनी मी शंभरात ओळखीन."

"हो," सेगुंदो म्हणाला. "जुनी वेगळीच होती."

सगळे गेल्यावर तो खिडकीपाशी बसला. एस्मिल्दानं खुर्च्या रचल्या, मलमाची डबी आणली आणि काही न विचारता त्याच्या मानेवर, चेननं सोलवटलं होतं तिथं, बोट फिरवलं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "लाजतोस तेव्हा तू अजून डावाच हात वर करतोस. मघाशी त्या बाईनं मिठी मारली तेव्हापण केलास." मग म्हणाली, "माइक धरला तेव्हा आतून काय म्हणालास?"

"नाव सांगितलं."

"मग सांग की. मोठ्यानं सांग, नार्सिसोचं दुकान उघडं आहे."

सेगुंदोनं छाती भरून श्वास घेतला आणि खिडकीकडं तोंड केलं. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथंच घुटमळलं. आवाज निघाला तो डोकं अजून अंगावरच असल्यासारखा, पुटपुटता. त्यानं पुन्हा एकदा करून पाहिलं. समोर नार्सिसोनं दुकानाचं शटर खाली ओढलं.

एस्मिल्दानं बोटावर आणखी थोडं मलम घेतलं.