तीन नंबरचं मशीन

"ड्रमवाला बदला, नाहीतर गाणं विसरा," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले. "दुसरा वाजवणारा पाच वाजता येतोय."

ड्रमवर बसलेल्या ठोक्याने मान खाली घातली. सकाळपासून अकरा वेळा वाजवून झालं होतं. लय कधी पुढे पळायची, कधी मागे रेंगाळायची. त्याची थोरली बहीण, बँडची गायिका, माइकसमोरून हलली नाही.

"पहिलंच गाणं आहे, काका. चौघांनी मिळून बांधलंय. तो नाही तर मीही नाही."

"ताई, नको गं हट्ट करू," ठोक्या पुटपुटला. "घरी तर वर्षभरात कधी चुकलो नव्हतो."

घरी! ताई चमकली. घरी म्हणजे आईच्या लाँड्रीमागच्या खोलीत. भिंतीपलीकडे तीन नंबरचं मशीन, एक पाय आखूड असलेलं. दर फेरीला धप्प करायचं. वर्षभर ठोक्या त्या धप्पवरच वाजवत आला होता आणि चौघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

"काका, सामान गाडीत घाला. पाचला अजून दोन तास आहेत."

काका कुरकुरले, पण रेकॉर्डिंगचं सामान घेऊन लाँड्रीत आले.

आईने सगळं ऐकून घेतलं. "रिकामं नाही चालवायचं, उड्या मारतं ते," म्हणत तिने चार जाड चादरी आत कोंबल्या. मग लेकाकडे वळली. "आमचे प्रवचनकार गाण्याआधी नुसता पाय आपटतात बघ. देवाच्या भरवशावर. शब्द मागून येतात. तूही ठोका तसाच टाक. आणि तोंड नको वाकडं करू, अगदी बापावर जातोस."

धप्प... धप्प... गाणं सुरू झालं. दोन कडवी सुरेख उतरली. तिसऱ्याच्या तोंडावर खट्‌कन आवाज आला आणि मशीन थांबलं.

थांबवायला काकांनी हात वर केला. पण तो तसाच वर राहिला. डोळे मिटून ठोक्या वाजवतच होता. एक ठोका इकडचा तिकडे नाही.

शेवटचा घाव पडला तशी आई ओरडली, "अरे, धुणं केव्हाच झालंय!"

काकांनी खिशातून फोन काढला. "पाचचा माणूस नको. सांगा त्याला, घरी जा."

मशीनच्या धप्पसकट गाणं गाजलं. आता कार्यक्रमात तिसऱ्या कडव्याला, मशीन थांबतं नेमकं तिथे, लोक आपणहून पाय आपटतात. पहिल्या रांगेतून आईचा पाय सगळ्यांच्या आधी पडतो.