गच्च भरलेला गोळ्यांचा डबा

मी प्रेमलताबाईंच्या गोळ्यांचा डबा. झाकण घट्ट लावूनच बोलतोय, कारण तोंड दाखवायची लाज वाटते.

जन्माने मी स्वयंपाकघरातला. स्टीलचा, गोल, आत छोट्या वाट्या. नागपूरच्या घरात मोहरी, हळद, जिरं सांभाळायचो. सुनेने, मंजुषाने, नवा डबा आणला तेव्हा मला मोडीत जायची वेळ आली होती. पण बाईंना ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि त्यांनी मला घासूनपुसून उशाशी घेतलं. काय मिरवलो म्हणून सांगू!

मुलगा उन्मेष बँकेत. त्याची बदली झाली की आईचंही बिऱ्हाड हलायचं. ब्लडप्रेशरच्या त्या गोळीने बाईंच्या पायांना सूज आली, तोवर भुवनेश्वरला बदली. तिथल्या डॉक्टरांनी सूज उतरायची गोळी दिली. तिच्यामुळे बाई सारख्या बाथरूमला. कोलकात्यात डमडमच्या फ्लॅटमध्ये आल्यावर त्याच्यावर तिसरी मिळाली. तिसरीने डोकं सुन्न झालं, म्हणून स्मरणशक्तीसाठी चौथी.

"आधीच्या डॉक्टरांनी दिलंय ना? मग असू दे चालू," उन्मेष म्हणायचा. नवीन डॉक्टरही जुन्याला हात लावत नसत. माझ्या वाट्या भरत गेल्या, आणि मी मेला भरल्या पोटाने खूश!

भाजीवाल्याशी मोडक्या बंगालीत हुज्जत घालणाऱ्या बाई आता खिडकीशी गप्प बसून राहायच्या. एकदा मंजुषालाच म्हणाल्या, "तू कुणाची गं?" ती बिचारी आत जाऊन रडली.

मग दोघं त्यांच्यासमोरच बोलू लागले. "आईंना काही कळत नाही आता. दिवसभर त्यांना एकटं कसं ठेवायचं? बराकपूरचा वृद्धाश्रम चांगला आहे म्हणतात."

खोलीही ठरली. फक्त आश्रमाला डॉक्टरांचा दाखला हवा होता. म्हणून ते म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळी औषधं आणायला सांगितली होती, म्हणून मीही गेलो.

त्यांनी माझं झाकण काढलं. "कौनसी किसलिए?" त्यांनी विचारलं. उन्मेषने मंजुषाकडे पाहिलं, मंजुषाने माझ्याकडे. मी कुणाकडे बघणार?

कोणती गोळी कशानंतर आली, ते डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, दाखला नंतर बघू. ब्लडप्रेशरची गोळी बदलली, बाकीच्या त्यांच्या देखरेखीखाली एकेक करून कमी केल्या. घरच्या घरी मात्र काही बंद करायचं नाही, असं बजावलं.

वाट्या रिकाम्या होत गेल्या. एका सकाळी नाश्ता करताना बाई म्हणाल्या, "मंजुषा, पोह्यांत मीठ विसरलीस गं."

मंजुषाच्या हातातला चमचाच पडला. उन्मेष हसत धावत आला. "आई, बरी झालीस तू! आम्हाला वाटलं, वयच झालं."

"वय झालंच आहे रे," बाई म्हणाल्या. "पण खोली ठरवलीत ना, तेव्हाही मला सगळं ऐकू येत होतं. नको म्हणायचं होतं. शब्दच सापडत नव्हते."

"चुकलो, आई," उन्मेष म्हणाला. त्याला निदान माफी मागता आली. मला तेही जमत नाही, आणि त्या रोज सकाळी मला तितक्याच मायेने उघडतात.

तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ कुणाच्या उशाशी असेल. त्याला उचला आणि डॉक्टरांसमोर पुरता उघडा. आणि तोवर त्या माणसासमोर जरा जपून बोला. ते ऐकत असतं.