चिकटपट्टीची रेघ

फोटो पुन्हा धूसर आला तेव्हा फोटोवालीने आधी कॅमेऱ्याचाच उद्धार केला. हा तिचा जुना खाक्या. चहा सांडला तर कप वाकडा, बस चुकली तर घड्याळ खोटं. त्यामुळे शिलाईच्या कारखान्यातल्या जिन्यामागच्या बोळात, सकाळी दहा वाजता, गुडघ्यावर बसून ती कॅमेऱ्याला म्हणाली, "मेल्या, आजच तुला दुखणं सुचलं होय?"

काम तसं अगदी साधं. बोळ आणि शिलाईचा हॉल यांच्यामधल्या भिंतीला दीड वर्षापूर्वी एक भेग गेली होती. वर कापडाच्या गठ्ठ्यांचं गोदाम, पलीकडे चौतीस माणसं मशीनवर. भेग वाढते की नाही हे कळावं म्हणून दर महिन्याला तिचा फोटो काढून इंजिनियरला पाठवायचा, हे फोटोवालीचं काम. इंजिनियरने पहिल्या दिवशीच तिला बजावलं होतं की फोटो दर वेळी हुबेहूब तसाच हवा. म्हणून जमिनीवर तीन लाल ठिपके रंगवले होते आणि ट्रायपॉडचे पाय त्यांवरच ठेवायचे. दिवा तोच, उजेडाचे आकडे तेच. लेन्सची फोकसची कडी एकदा जुळवून तिच्यावर चिकटपट्टी लावून टाकलेली, चुकूनसुद्धा फिरू नये म्हणून. भेगेशेजारी आकडे छापलेली कागदाची मोजपट्टी डकवलेली, तिच्यावरून भेगेची रुंदी वाचायची. आपल्या बाजूचं काहीच हललं नाही म्हणजे फोटोत जो फरक दिसेल तो भिंतीचा, इतका सरळ हिशोब.

आणि आज फोटोत फरक होता. कडा स्वच्छ, पण मधला भाग दुधाच्या भांड्यावरच्या वाफेसारखा. शिवाय भेगेच्या मधोमध एक पांढरीफटक रेघ, तिथे उजेड इतका जास्त की काहीच उमटलं नव्हतं.

तिने लेन्स पुसली. बॅटरी बदलली, कार्ड बदललं. हात थरथरला तर सावरून घेणारं बटण ट्रायपॉडवर असताना उलटंच काम करतं, म्हणून तेही बंद केलं. हाताचा धक्का नको म्हणून दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं करून ती श्वास रोखून बाजूला उभी राहिली. फोटो तस्साच. मग मात्र ती थबकली. कारण हे असं मागच्या महिन्यातही झालं होतं, थोडंसं.

मागच्या महिन्यात तिने धूसर फोटो तसाच पाठवला होता. अर्ध्या तासात इंजिनियरचा फोन आला. "अहो बाई, हा काय फोटो आहे? मला रुंदी वाचता येत नाही. स्पष्ट पाठवा." तो माणूस नाकावर माशी बसू न देणारा. फोटोवालीला आपल्या कामाची लाज वाटली. तिने चिकटपट्टी सोलली, कडी केसभर फिरवली, भेगेतली पांढुरकी तिरीप जाईपर्यंत उजेडही थोडा उतरवला, आणि नवी पट्टी लावून टाकली. फोटो आरशासारखा लख्ख आला. इंजिनियरने उत्तर पाठवलं, "छान. रुंदी तेवढीच. फरक नाही."

त्या दिवशी घरी जेवताना ती ताईला म्हणाली होती, "ताई, तुझी भिंत ठणठणीत आहे बरं का." ताई म्हणजे तिची थोरली बहीण, याच हॉलमध्ये अकरा वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवणारी. हे काम तिनेच मिळवून दिलं होतं. भेग पडल्यापासून ताईने भीतीने आपलं मशीन पार दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं होतं. तिथे डोळे दुखायचे, पण ती हटायला तयार नव्हती. ठणठणीत म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मशीन परत जुन्या जागी आणलं. भिंतीला लागून, ट्यूबलाइटच्या खाली.

फोटोवालीने ते आठवणं झटकून टाकलं. आधी कॅमेरा तपासू, मग घाबरू, असं तिने स्वतःला दटावलं. वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: काचेपासून भिंत चाळीस सेंटिमीटर. तिने कॅमेरा वळवला, एका खोक्याला वर्तमानपत्र डकवून ते मोजून चाळीसवर ठेवलं आणि फोटो काढला. अक्षरं धूसर. तिला केवढं हायसं वाटलं! लेन्सच बिघडली होती. देव पावला म्हणायचं.

मग सवयीने तिने खोकं जरा पुढे सरकवलं. एकोणचाळीसवर अक्षरं अशी उठून आली की कागदावरचा शाईचा ठिपका न् ठिपका मोजता यावा.

लेन्स बिघडलेली नव्हती. ती फक्त एकोणचाळीसवर जुळवलेली होती.

तिने कडी उजेडात धरली. नव्या पट्टीच्या शेजारी जुन्या पट्टीच्या चिकटाची रेघ राहिली होती, धूळ बसून काळी झालेली. जुनी रेघ आणि नवी पट्टी यांच्यात बोटाच्या नखाएवढं अंतर. ते नखाएवढं अंतर तिने स्वतःच्या हाताने फिरवलं होतं, भिंत एक सेंटिमीटर पुढे आली होती म्हणून. भेग रुंद झालीच नव्हती. अख्खी भिंत पोट काढून बोळात येत होती, आणि ते सांगणारा एकुलता एक फोटो तिने नीटनेटका करून पाठवला होता.

 तिने कॅमेरा परत लाल ठिपक्यांवर ठेवला आणि टेप धरून आजचं अंतर मोजलं. खात्री पटेना म्हणून तीनदा मोजलं. साडेसदतीस. पंधरा महिन्यांत काही नाही, मग एक, आणि या एका महिन्यात दीड.

पांढरी रेघ राहिली होती. तिने आपला दिवा विझवला. काळोख्या बोळात, भेगेतून, दोऱ्याएवढा उजेड येत होता. तिने डोळा लावला. पलीकडे, वीतभर अंतरावर, लाल स्वेटर घातलेली एक पाठ मशीनच्या तालावर हलत होती. ती पाठ ती लहानपणापासून ओळखत होती.

तिला हाक मारायची होती, पण आवाजाने भिंत पडेल असं वाटून तिने तोंडावर हात दाबला. असं काही होत नसतं हे तिला कळत होतं. तरी ती बोळातून चवड्यांवर चालत बाहेर आली.

मॅनेजर केबिनमध्ये पार्सलांच्या चिठ्ठ्या बघत होता. "काय हो, कॅमेरा बिघडला का?" त्याने मान वर न करता विचारलं.

"कॅमेरा नाही, भिंत. हॉल रिकामा करा. आत्ता."

"अहो, मागच्याच महिन्यात इंजिनियरसाहेब फरक नाही म्हणालेत. माझ्याकडे पत्र आहे."

"तो फोटो मी सुधारला होता!" ती ओरडली. "फोकस फिरवला, उजेड उतरवला. त्यांना माझी चूक दिसू नये म्हणून. भिंत त्याच्याआधीच सरकली होती."

मॅनेजरच्या कपाळावर आठ्या पडल्या. आज माल जायचाय, संध्याकाळी इंजिनियरसाहेबांना बोलावू, तोवर पाणी प्या, असं तो म्हणत होता. फोटोवालीने पुढचं ऐकलं नाही. ती बाहेर आली आणि दाराशेजारची आगीची घंटा दाबून धरली.

चौतीस माणसं कुरकुरत आवारात उभी राहिली. आग नाही, धूर नाही. कोणी म्हणालं, बाईंचं डोकं फिरलंय. ताई तर कातावलीच. "अगं, अख्खी कॉलर उसवली माझी. काय तमाशा आहे हा?"

"थांब ना जरा."

"किती थांबायचं?"

ते तिला ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इमारत उन्हात शहाण्यासारखी उभी होती. मग फोटोवालीच्या मनात एक वाईट गोष्ट आली, आणि ती तिने मनापासून मागितली. पडू दे. आता पडच, नाहीतर हे सगळे परत आत जातील.

"चला, झालं!" मॅनेजर टाळ्या वाजवत आला. "ज्याने त्याने आपापल्या मशीनवर. या बाईंचं मी बघतो." माणसं हलली. ताईही वळली, चष्मा आत राहिला होता. फोटोवालीने तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"ताई, मी खोटं बोलले तुला. ठणठणीत नव्हती ती. धूसर दिसली होती, मी साफ केली. तुझ्या पाठीमागून उजेड येतोय गं, आरपार. नको जाऊस."

ताई थबकली. तिच्या मागचे थांबले, त्यांना बघून पुढचेही पायरीवर थांबले. मॅनेजर काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात आतून कापड फाटल्यासारखा एक लांब आवाज आला. मग गठ्ठे पडल्याचे आवाज, एकामागून एक, मग सगळे एकदम. दारातून धुळीचा लोट आला आणि पायरीवरची माणसं किंचाळत मागे पळाली.

धूळ बसायला वेळ लागला. कोणीतरी डोकी मोजली. चौतीस. पुन्हा मोजली. चौतीसच. मॅनेजर जमिनीवर बसला होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दारातून हॉलचा डावा भाग दिसत होता. भिंत होती तिथे बोळ दिसत होता आणि ट्यूबलाइटच्या खाली नुसता विटा-गठ्ठ्यांचा ढीग.

ताई त्या ढिगाकडे बघत राहिली. तिचं मनगट अजून धाकटीच्या हातात होतं, आणि थंडगार पडलं होतं.

"महिनाभर," ती हळूच म्हणाली. "तू म्हणालीस म्हणून महिनाभर मी त्या भिंतीला पाठ लावून बसले."

"हो," फोटोवाली म्हणाली. 

ताईने हात सोडवून घेतला नाही. पण घरी जाईपर्यंत ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही.